परळचें विच्छेदनगृह

पवना नदीच्या कांठीं, पिंपरीच्या समोर, काळेवाडी वसलेली आहे. १९८२ सालीं स्थापन झालेल्या पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेंत ती केव्हांच सामावून गेली असून, जेथें ज्वारीचीं शेतें होतीं तेथें आज चारपांच मजल्यांचीं घरें उभीं आहेत. परंतु कारखाने येण्यापूर्वीं पवनेकांठच्या या सर्व गांवांचा संसार बैलाच्या खांद्यावर चालत असे. बैलाची पारख येथल्या शेतकऱ्यास जन्मजातच असे म्हटलें तरी चालेल. चाकणच्या बाजारांत तो जनावराचा जबडा उघडून आदत कोणता, दुसा कोणता, चौसा कोणता, आणि कोणाचे दांत पुरे जुळले आहेत हें क्षणांत सांगे. वशिंड, पोळी, खूर, शेपटीचा गोंडा, अंगावरील भोवरे, या सर्वांचें शास्त्र त्याच्या जिभेवर असे. भाद्रपदांतल्या पोळ्यास तो त्याच बैलाची पूजा करी.

मात्र ही सर्व पारख कातड्यापाशीं थांबत असे. कातड्याच्या आंत काय आहे हें त्यास ठाऊक नसे आणि ठाऊक करून घेण्याची त्याची इच्छाही नसे. बैल मेला कीं त्याचा संबंध संपला. मेलेलें जनावर ओढून नेणें हें काम गांवानें महारांवर लादलेलें होतें. कातडें कमावणें ढोरांकडे आणि त्याच्या वस्तू करणें चांभारांकडे होतें. म्हणजे बैलाचा सांधा कोठें सुटतो, कोणती शीर कोणत्या हाडाखालून जाते, पोटाचे कप्पे किती, हें ज्ञान गांवांत होतेंच; पण तें वेशीबाहेर राहत असे, आणि त्यास कोणी विद्या म्हणत नसे.

ही विद्या महाराष्ट्रांत शाळेच्या बांकावर प्रथम केव्हां आली, आणि चांगल्या घरांतला मुलगा मोठ्या जनावराच्या प्रेतापुढें सुरी घेऊन प्रथम उभा राहिला तेव्हां त्याच्यापुढें काय काय उभें राहिलें, याचा इतिहास लिहूं गेल्यास तो मुंबईस, परळला जाऊन पोंचतो.

जनावरांचें वैद्यक आपल्याकडे नवें नव्हे. शालिहोत्राच्या नांवावर अश्वविद्या आहे, पालकाप्याच्या नांवावर हत्तींचें वैद्यक आहे. घोड्यांच्या वैद्यास मराठींत सालोत्री म्हणत तें त्या शालिहोत्रावरूनच. सालोत्री औषध देई, डाग देई, रक्त काढी. परंतु जनावर चिरून शिकण्याची चाल त्याच्यापाशीं नव्हती. चिरल्यावांचून शिकणें अपुरें, हें तत्त्व मात्र आपल्या पूर्वजांस ठाऊक नव्हतें असें कोणीं समजूं नये. सुश्रुताच्या शारीरस्थानांत प्रेत पाहण्याची रीत सविस्तर दिली आहे. विषानें न मेलेलें, दीर्घ रोगानें न खंगलेलें, शंभर वर्षांचें नसलेलें असें प्रेत घ्यावें. आंतड्यांतील मळ काढावा. मुंज, साल, कुश अथवा ताग यांनीं गुंडाळून, पिंजऱ्यांत घालून, एकांत जागीं वाहत्या नदींत ठेवावें. आणि सात रात्रींनंतर तें फुगून मऊ झालें म्हणजे वाळा, केस, बांबू किंवा बल्वज गवत यांच्या कुंचल्यानें हळूहळू घासून त्वचेपासून आंतील एकेक अवयव डोळ्यांनीं पाहावा. येथें सुरी चालवावयाची नाहीं, घासावयाचें आहे. ही रीत पुढें लुप्त झाली. का लुप्त झाली याविषयीं विद्वानांनीं पुष्कळ लिहिलें आहे; प्रेताचा विटाळ हें एक कारण त्यांत निश्चित आहे.

युरोपांतही हें शास्त्र सहजासहजीं उभें राहिलें नाहीं. बोलोन्या शहराच्या कार्लो रुइनी यानें घोड्याच्या शरीररचनेवरील मोठा सचित्र ग्रंथ लिहिला, तो १५९८ सालीं प्रसिद्ध झाला. जनावरांच्या वैद्यकाची पहिली शाळा फ्रान्समध्यें लियों येथें क्लोद बूर्जला यानें काढली. तिचे वर्ग १७६२ सालीं सुरू झाले. पाठोपाठ पॅरिसजवळ आल्फोर येथें दुसरी निघाली. तिच्या पहिल्या शरीरशास्त्राध्यापकानें, फ्रागोनार यानें, प्रेतें सुकवून टिकविण्याची कला इतकी वाढविली कीं शेवटीं त्यास वेडा ठरवून १७७१ सालीं नोकरींतून काढून टाकलें. त्यानें तयार केलेला कातडें सोललेला घोडा आणि त्यावरील स्वार तेथील संग्रहालयांत अद्याप आहे. इंग्लंडांत जॉर्ज स्टब्ज या चित्रकारानें हॉर्कस्टो नांवाच्या खेड्यांत शेतघर घेऊन सुमारें अठरा महिने घोड्यांचीं प्रेतें दोरखंडांनीं व आंकड्यांनीं उभीं टांगलीं, थर थर सोडवून त्यांचीं चित्रें काढलीं, आणि १७६६ सालीं तीं छापलीं. मोठें जनावर आडवें पाडलें तर त्याचे स्नायू आपल्या जागीं राहत नाहींत. तें उभें टांगलें पाहिजे, ही गोष्ट या माणसानें कोणत्याही शाळेंत न जातां ओळखली.

हिंदुस्थानांत हें शास्त्र आलें तें लष्कराच्या घोड्यामागून आलें. पुण्यास १८६२ सालीं लष्करी पशुवैद्यकाची शाळा निघाली. पुढें गुरांच्या सांथींनीं, विशेषतः बुळकांडीनें, देशभर एवढा संहार केला कीं हॅलन याच्या अध्यक्षतेखालीं सरकारास कमिशन नेमावें लागलें. त्याचा अहवाल १८७१ सालीं आला. गुरें मेलीं तर शेतसारा कोठून येणार, हा हिशेब सरकारास समजावून सांगण्याची गरज नव्हती. लाहोरची पशुवैद्यकीय शाळा १८८२ सालीं उघडली. मुंबईंत जनावरांवरील क्रूरता थांबविण्यासाठीं १८७४ मध्येंच एक संस्था स्थापन झाली होती. सर दिनशा माणेकजी पेटिट यांनीं आपल्या पत्नी बाई साकरबाई यांच्या नांवानें परळला जनावरांचें रुग्णालय बांधून दिलें. त्या रुग्णालयाच्याच आवारांत १८८६ सालीं मुंबईचें पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झालें. एका बाजूस लंगडा बैल आणि म्हातारें घोडें दयेनें पोसावयाचें, आणि त्याच भिंतीआड मेलेल्या जनावराचा पाय विद्यार्थ्यापुढें टेबलावर ठेवावयाचा, असा हा शेजार होता. पारशी, जैन आणि वैष्णव यांच्या दयाबुद्धीस तो रुचला असेलच असें नाहीं. पण दुसऱ्या बाजूवांचून पहिली पांगळी, हें हळूहळू सर्वांस पटलें.

या महाविद्यालयाचा पहिला प्राचार्य जॉन हेन्री स्टील हा होता. त्याची निवड करणारांस दाद दिली पाहिजे. तो लष्करांतला पशुवैद्य असला तरी मूळचा शिक्षक होता. घोड्याच्या शरीररचनेवरील त्याचें इंग्रजी पुस्तक १८७६ सालींच निघालें होतें, आणि तें मुद्दाम विच्छेदनगृहांत काम करणाऱ्या विद्यार्थ्यासाठींच लिहिलेलें होतें. बैलाच्या रोगांवर त्यानें १८८१ मध्यें आणि हत्तीच्या रोगांवर १८८५ मध्यें ग्रंथ लिहिले. ग्रिफिथ इव्हान्स यानें १८८० सालीं सुरा रोगाचा सूक्ष्म जंतु शोधला. त्यानंतर १८८५ मध्यें ब्रह्मदेशांत खेंचरें त्याच रोगानें मरूं लागलीं तेव्हां त्यांचा अभ्यास स्टील यानेंच केला, आणि इव्हान्सचें नांव त्या जंतूस लावलें. असा मनुष्य परळला केवळ पांच वर्षें लाभला. १८९१ सालीं तो वारला. त्याच्या स्मरणार्थ इंग्लंडांतील पशुवैद्यांच्या रॉयल कॉलेजानें पदक ठेवलें.

स्टीलच्या वर्गांत जो पहिला विद्यार्थी सुरी घेऊन उभा राहिला त्याचें काम आजच्यापेक्षां फार कठीण होतें. त्याचें कारण रसायनांत आहे. ज्या फॉर्मालिनच्या उग्र वासावांचून आज विच्छेदनगृहाची कल्पनाच करतां येत नाहीं, त्याचा प्रेत टिकविण्यासाठीं उपयोग फर्डिनांड ब्लूम यानें १८९३ सालीं दाखवून दिला. १८८६ मध्यें तें नव्हतें. त्या काळीं सर्वत्र विच्छेदनाचा हंगाम थंडीचा असे. सोमलाचें पाणी, मीठ, असल्या उपायांनीं प्रेत थोडेंफार टिके. पण घोड्यासारख्या मोठ्या जनावराचें पोट एकदां फुगूं लागलें कीं उपाय खुंटे. म्हणून आधीं पोट, मग छाती, मग डोकें, आणि शेवटीं पाय, अशी घाईची वाट धरावी लागे. मुंबईची हवा लक्षांत घेतां शिकणाऱ्यास घड्याळाबरोबरच नाकाशींही झुंजावें लागत असेल, हें सांगावयास नको.

फॉर्मालिन आल्यावर सगळा क्रम बदलला. आतां जनावर मानेंतील मोठी रोहिणी उघडून रक्त काढून टाकल्यावर त्याच रोहिणींतून औषधाचें पाणी भरतात, आणि आंकड्यांनीं त्यास लोखंडी तुळईस उभें टांगतात. महिनेच्या महिने तें तसें राहतें. घाई गेली, तिच्या जागीं डोळ्यांची आग आली.

अशा या खोलींत नवा विद्यार्थी प्रथम येतो तेव्हां त्याच्या छातींत धडकी भरते ती रक्तानें नव्हे, कारण रक्त तेथें नसतेंच. ती भरते आकारानें. बेडूक हातांत मावतो, उंदीर फळीवर मावतो. पण म्हशीचा टोणगा त्याच्यापुढें त्याच्याच उंचीवर, डोळे उघडे ठेवून, चालतां चालतां थबकल्यासारखा उभा असतो. ज्यानें घरीं असल्याच जनावराच्या पाठीवर हात फिरविलेला आहे त्याचा हात पहिल्यानें पाठीवरच जातो. तें अंग थंड आणि लांकडासारखें कठीण लागतें, आणि त्या एका स्पर्शानें कित्येकांचा त्या दिवसाचा धीर संपतो. जे खेड्यांतून आलेले असतात त्यांस शहरांतल्या मुलांपेक्षां हें अधिक जड जातें, असें दिसतें. आणि तें स्वाभाविकही आहे.

पहिला छेद बहुधा पुढच्या पायाच्या कातड्यावर घेतात. कातडें जाड, सुरी बोथट होते, चरबी बोटांस चिकटते. दोन तासांत वीतभरही जागा स्वच्छ होत नाहीं. नंतर एकेक स्नायू सोडवीत, त्याचें नांव घेत, फऱ्याच्या हाडाखालीं शिरावें लागतें. तेथें बगलेंत पांढऱ्या दोऱ्यांसारखें मज्जातंतूंचें मोठें जाळें सांपडतें. तें तोडून उरलेले स्नायू कापले कीं एक आश्चर्य घडतें : सबंध पाय, खांद्याच्या हाडासकट, हातांत येतो, आणि कोठेंही हाडाशीं हाड जुळलेलें सांपडत नाहीं. माणसास गळ्याच्या हाडाची कांब असते, तिनें हात छातीच्या पिंजऱ्याशीं जोडलेला असतो. बैल, म्हैस, घोडा यांना ती कांब नसते. त्यांचें धड दोन पुढच्या पायांमध्यें केवळ स्नायूंच्या झोळींत टांगलेलें असतें. उडी मारून उतरणाऱ्या घोड्याचा आणि जूं ओढणाऱ्या बैलाचा धक्का ही झोळी सोसते. पुस्तकांत हें चार ओळींत असतें. पाय हातांत आल्यावर तें जन्मभर विसरत नाहीं, आणि भीतीही तेथेंच संपते.

येथें एक गोष्ट ध्यानांत घेतली पाहिजे. काळेवाडीच्या वेशीबाहेरच्या माणसास हें आश्चर्य वाटलें नसतें. पुढचा पाय सांधा न तोडतां सुटतो हें तो पिढ्यान् पिढ्या जाणत होता. परळला शिकलेल्याच्या आणि त्याच्या हातांत सुरी एकाच जातीची होती. एकास तिच्यापायीं जी. बी. व्ही. सी. ही पदवी आणि सरकारी नोकरी मिळाली, दुसऱ्यास गांवानें पाणवठ्यावरून हांकलून दिलें. १९२७ च्या मार्चांत महाड येथें भरलेल्या परिषदेंत डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं मेलेलीं जनावरें ओढण्याचें व त्यांचें मांस खाण्याचें सोडून द्या असें निक्षून सांगितलें, तें या अन्यायावर बोट ठेवूनच. दुसऱ्या बाजूनें कोंकणांत अप्पासाहेब पटवर्धन या पदवीधर ब्राह्मणानें मेलेल्या जनावराचें कातडें काढण्याचें काम स्वतःच्या हातांनीं केलें, तें काम हीन नव्हे हें सवर्णांस दाखविण्यासाठीं. दोघांचे मार्ग निराळे, आणि ज्यांच्यावर तें काम लादलेलें होतें त्यांच्या दृष्टीनें पहिलाच मार्ग सुटकेचा होता यांत शंका नाहीं. मुंबई राज्यांत कनिष्ठ गांवकामगारांचीं वतनें रद्द करणारा कायदा व्हावयास १९५८ साल उजाडलें. विच्छेदनगृहांत मात्र ब्राह्मण, मराठा, पारशी, मुसलमान सर्वांनींच प्रेतास हात लावला आणि बाहेर येऊन हात धुतले. कलकत्त्यास मधुसूदन गुप्त यांनीं १८३६ सालीं माणसाचें प्रेत चिरलें तेव्हां केवढी खळबळ झाली. जनावरांच्या बाबतींत तशी खळबळ झाल्याचें ऐकिवांत नाहीं. घोडा हा कोणाचाच देव नव्हता, हा योगायोग येथें उपयोगीं पडला असावा.

पण याच घोड्यानें दुसऱ्या बाजूनें नुकसानही केलें. शाळा लष्कराच्या गरजेंतून निघालेल्या, पुस्तकें विलायतेची. तेव्हां शिक्षणाचा आदर्श प्राणी घोडा ठरला. शोव्हो, मॅकफॅडियन, आणि १९१० नंतर सिसन, यांचे ग्रंथ घोडा आधीं सांगत आणि बैल पुस्ती जोडल्यासारखा मागाहून सांगत. बैलांच्या देशांतला विद्यार्थी असा घोड्यावरून बैल शिकला. हा फरक किरकोळ नाहीं. घोड्यास बरगड्यांच्या अठरा जोड्या, बैलास तेरा. घोड्यास पित्ताशय नाहीं, बैलास आहे. घोड्याचें जठर एक आणि त्याच्या मानानें लहान; बैलाचीं पोटें चार, आणि त्यांपैकीं पहिलें, ज्यास कोटीपोट म्हणतात, तें एकटें डावी बाजू बहुतेक सगळी व्यापून बसतें. कोवळा घास खाऊन जनावर फुगलें, श्वास कोंडला, तर डाव्या भकाळींत नळी खुपसून वायु सोडावयाचा असतो. घोड्याच्या पोटांत वायूचें मोठें कोठार म्हणजे आंधळें आंतडें, आणि तें उजवीकडे असतें. भर रात्रीं, कंदिलाच्या उजेडांत, शेतकऱ्याचा एकुलता एक बैल पाय झाडीत असतां वैद्यानें कोणत्या बाजूस हात घालावा, याचें उत्तर पाठांतरावर सोडून चालत नाहीं. तें हातांत मुरलेलें असावें लागतें. बैलालाच मुख्य धरून लिहिलेला भारतीय ग्रंथ, राघवन यांचा, १९६४ सालीं भारतीय कृषि अनुसंधान परिषदेनें काढला. परळची शाळा निघून तेव्हां अठ्ठ्याहत्तर वर्षें झालीं होतीं.

पुढचा विस्तार थोडक्यांत सांगतां येईल. नागपूरला १९५८ मध्यें, परभणीस १९७२ मध्यें, उदगीरला १९८७ मध्यें आणि साताऱ्याच्या शिरवळ येथें १९८८ मध्यें महाविद्यालयें निघालीं. २००० सालीं नागपूरला पशुविज्ञानाचें स्वतंत्र विद्यापीठ झालें. काळेवाडीच्या मुलास आतां परळपेक्षां शिरवळ जवळ आहे. टेबलावरचें जनावर बदललें : घोडे राहिले नाहींत, गोवंशास कायद्याचें संरक्षण आहे, म्हणून बहुधा म्हशीचा टोणगाच विद्यार्थ्यांच्या वांट्यास येतो. त्याच्या दुधाचा उपयोग नाहीं आणि नांगरास आतां ट्रॅक्टर आहे, एवढाच त्याचा अपराध.

हें सर्व थांबवावें असें म्हणणारेही आहेत, आणि त्यांचें म्हणणें उडवून लावण्यासारखें नाहीं. विद्यापीठ अनुदान आयोगानें २०१४ सालीं प्राणिशास्त्राच्या वर्गांतून विच्छेदन वगळण्याचा मार्ग धरला. फॉर्मालिनमधील द्रव्य कर्करोगास कारण होतें, असें जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेनें २००४ मध्यें जाहीर केलें. हायडेलबर्गच्या गुंथर फॉन हागेन्स यानें १९७७ मध्यें शोधलेल्या रीतीनें अवयवांतील पाणी व चरबी काढून तेथें प्लॅस्टिक भरतां येतें. असा अवयव कोरडा, वासरहित आणि वर्षानुवर्षें टिकणारा असतो. जो पुढें जनावर उघडणारच नाहीं त्यास बेडूक चिरावयास लावूं नये, हें रास्तच आहे. पण ज्यास उद्यां जिवंत गाईच्या पोटांत कोपरापर्यंत हात घालावयाचा आहे, त्याची गोष्ट निराळी. प्लॅस्टिकचें हृदय बोटाखालीं सरकत नाहीं, पडदा फाटत नाहीं.

पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यांतच याचें उदाहरण रोज घडूं शकतें. गाय घास चावून खात नाहीं, आधीं गिळते आणि मागून रवंथ करते. कारखान्यांच्या आणि बांधकामांच्या आसपास चरणाऱ्या गाईच्या तोंडांत गवताबरोबर खिळा, तारेचा तुकडा, पत्र्याचा कपटा सहज जातो. जड वस्तु दुसऱ्या पोटांत, म्हणजे मधमाशांच्या पोळ्यासारख्या जाळीपोटांत, पडते. तें पोट श्वासपटलास टेकलेलें असतें, आणि श्वासपटलाच्या पलीकडे थोड्याच अंतरावर हृदय असतें. पोट आवळलें कीं खिळा पुढें सरकतो. गाय कण्हते, पाठ वांकवून उभी राहते, कोपरे बाहेर काढते, उतारावरून चालावयास नाखूष होते; पुढें गळ्याखालीं सूज येते, आणि मग उपाय राहत नाहीं. कांहीं ठिकाणीं म्हणून गाईस आधींच लोहचुंबक गिळावयास देतात. वेळेवर ओळखलें तर डाव्या भकाळीवर छेद घेऊन, कोटीपोट उघडून, आंतल्या चाऱ्याच्या राशींतून हात पुढें आणि खालीं नेतात. डोळ्यांस तेथें कांहींच दिसत नाहीं. बोटांस जाळीची वीण लागली कीं जाळीपोट आलें. मग घर न् घर चांचपून तारेचें टोंक शोधावयाचें, आणि तें ज्या वाटेनें गेलें त्याच वाटेनें मागें ओढून घ्यावयाचें.